बुडालेल्या जमिनीचे मोल : भूमिसंपादनविषयक दिवाणी निर्णय आणि पळसदेव

1. प्रास्ताविक

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले म्हणजे रस्त्याच्या डाव्या अंगास भीमेचे अडविलेले पाणी अधूनमधून दिसू लागते. इंदापूरच्या अलीकडे, याच रस्त्यावर, पळसदेव हे गाव लागते. आज जे पळसदेव आपण पाहतो ते नव्याने वसविलेले गाव होय. मूळ गाव भीमेच्या काठी होते, व 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात ते गेले. गावातील पळसनाथाचे प्राचीन मंदिरही पाण्याखाली गेले. अवर्षणाच्या वर्षी पाणी ओसरले की त्याचे शिखर प्रथम वर येते आणि मग सभामंडप उघडा पडतो. जुन्या गावची माणसे दर्शनास उतरतात, आणि पाऊस लागला की मंदिर पुन्हा दिसेनासे होते.

मंदिर वर येते तेव्हा त्याच्यासोबत एक जुना प्रश्नही वर येतो : जमिनी गेल्या त्यांचे मोल बरोबर झाले होते काय, आणि झाले नसल्यास आज त्याची दाद मागता येईल काय? हा प्रश्न भावनेचा आहे तितकाच कायद्याचाही आहे. गेल्या काही वर्षांत वरिष्ठ न्यायालयांनी या विषयावर जे निर्णय दिले त्यांच्या वार्ता गावोगाव पोहोचतात. परंतु त्या अर्धवट पोहोचतात, आणि अर्धवट वार्तेवर विसंबून खर्चाच्या दाव्यात उतरणारे खातेदार कमी नाहीत. म्हणून या निर्णयांचा अर्थ पळसदेवसारख्या गावाच्या दृष्टीने स्पष्ट करून सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

2. न्यायालयापुढे काय येते आणि काय येत नाही

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संघराज्याची प्राथमिक न्यायालये निराळी व घटक राज्यांची निराळी. सरकारने धरण बांधून कोणाची जमीन पाण्याखाली घातली तर ती जमीन 'घेतली' असेच मानावे, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने पंपेली विरुद्ध ग्रीन बे कंपनी या खटल्यात 1871 सालीच मान्य केले. आणि 2012 साली, पूर तात्पुरता असला तरीही मोबदल्याचा हक्क उत्पन्न होऊ शकतो, असे आर्कान्सासमधील एका प्रकरणात ठरविले. 2019 साली नीक प्रकरणात, घटक राज्याच्या यंत्रणेने जमीन घेतल्यास मालकास थेट संघीय प्राथमिक न्यायालयात जाता येईल, असाही निर्णय झाला. आपल्या देशात अशी दुहेरी रचना नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत शिडी एकच आहे, आणि कायदा केंद्राचा असो वा राज्याचा असो, वाद प्रथम त्याच खालच्या पायरीवर उभा राहतो.

उजनीसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा 1894 चा भूमिसंपादन अधिनियम लागू होता. त्याची चाल सारांशाने अशी : कलम 4 खाली प्राथमिक अधिसूचना, कलम 6 खाली जाहीरनामा, कलम 9 खाली हितसंबंधितांस नोटिसा, आणि शेवटी कलम 11 खाली भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा. हा निवाडा म्हणजे न्यायनिर्णय नव्हे; शासनाने खातेदारापुढे ठेवलेला तो किमतीचा प्रस्ताव होय. प्रस्ताव मान्य नसेल त्याने कलम 18 खाली अर्ज करून प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी करावयाची. महाराष्ट्रात असे संदर्भ जिल्हा न्यायालयापुढे किंवा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालत आले आहेत. त्यावरील अपील कलम 54 खाली उच्च न्यायालयात होते.

न्यायालयापुढे या मार्गाने येणारे प्रश्न मोजकेच आहेत. जमिनीचे मोजमाप, मोबदल्याची रक्कम, आणि ती रक्कम कोणाला किती, हेच ते प्रश्न. धरण येथे हवे होते की नाही, गाव उठविणे योग्य होते की नाही, याचा विचार संदर्भ न्यायालय करू शकत नाही. कलम 4 व 6 खालील कार्यवाही बेकायदा ठरवून घेण्यासाठी साधा दिवाणी दावाही चालत नाही, हे बिहार राज्य विरुद्ध धीरेंद्रकुमार या 1995 च्या निर्णयाने स्पष्ट झालेले आहे. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज हाच मार्ग, आणि तोही वेळेत.

वाटपाचा प्रश्न मात्र दिवाणी न्यायालयाच्या खास अधिकारातील आहे. एका सातबारावर चार भावांची नावे, एखाद्या क्षेत्रावर 1948 च्या कूळ कायद्याखालील कुळाचा हक्क, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा हिस्सा, अशा बाबींत कलम 30 खाली रक्कम न्यायालयात जमा होते आणि हिस्से तेथे ठरतात. गावातील अनुभव असा की शासनाशी असलेला वाद मिटला तरी घरातला हा वाद उरतो.

3. सहा आठवडे आणि एक शब्द

कलम 18 चा अर्ज करण्यास मुदत होती. निवाड्याच्या वेळी खातेदार स्वतः वा प्रतिनिधीमार्फत हजर असेल तर निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे. नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती. याहून महत्त्वाची अट कलम 31 मध्ये होती. मोबदल्याची रक्कम उचलताना 'हरकत राखून घेत आहे' असे ज्याने नोंदविले नाही, त्यास कलम 18 खाली अर्ज करण्याचा हक्क उरत नसे.

या अटीचा व्यवहारातला अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. ज्याचे घर उठले आहे, बैल विकावे लागले आहेत आणि नव्या जागी चार भिंती उभ्या करावयाच्या आहेत, तो मनुष्य पैसे वाटपाच्या दिवशी रांगेत उभा आहे. पावतीवर अंगठा उठवताना तिच्यावर एक शब्द लिहिला आहे की नाही, यावर त्याच्या जमिनीची किंमत पुन्हा तपासली जाणार की नाही हे ठरते. ज्यास लिहिता येते, किंवा ज्याच्या ओळखीचा वकील आहे, त्याची हरकत नोंदली जाते. शेजारच्याच बांधावरच्या निरक्षर खातेदाराची राहून जाते. परिणामी एकाच प्रतीच्या, एकाच अधिसूचनेत गेलेल्या दोन शेतांचे दोन भाव होतात.

हा अन्याय विधिमंडळाच्या ध्यानात आला, आणि 1984 च्या दुरुस्तीने कलम 28-अ घालण्यात आले. त्यानुसार एकाच अधिसूचनेतील कोणा एका खातेदारास न्यायालयाने वाढीव दर दिला, तर ज्याने स्वतः संदर्भ मागितला नव्हता तोही त्या न्यायनिर्णयापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे त्याच दराची मागणी करू शकतो. रक्कम हरकत न नोंदविता उचलली असली तरी बाध येत नाही. हे तीन महिने पहिल्या निर्णयापासून मोजावयाचे की नंतरच्या कोणत्याही निर्णयापासून, याबद्दल मतभेद होता. भारत सरकार विरुद्ध प्रदीपकुमारी या 1995 च्या निर्णयात तीन न्यायाधीशांच्या पीठाने, ज्या निर्णयाचा आधार घेतला त्यापासून मुदत मोजावी, असे ठरविले; आणि डिसेंबर 2024 मध्ये हरियाणातील बनवारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच मत पुन्हा कायम केले. तथापि हे कलम 24 सप्टेंबर 1984 पूर्वी झालेल्या न्यायनिर्णयांस लागू नाही. ज्यांच्या शेजाऱ्यांचे संदर्भ त्या तारखेपूर्वीच निकालात निघाले, त्यांच्यापुरते हे दार उघडलेच नाही.

4. बाजारभाव कसा ठरतो

मूल्यमापनाची तत्त्वे ज्या निर्णयात सर्वांत नीट मांडली गेली तो पुण्याचाच आहे. चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे (1988) यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संदर्भ हे निवाड्यावरील अपील नव्हे. न्यायालयाने निवाडा बाजूला ठेवून, समोर आलेल्या पुराव्यावरून किंमत नव्याने ठरवावयाची असते. त्यात खातेदार हा वादीच्या जागी असतो. देऊ केलेली किंमत अपुरी आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. किंमत कलम 4 च्या अधिसूचनेच्या दिवशीची धरावयाची. विकण्यास राजी असलेला मालक आणि घेण्यास राजी असलेला शहाणा गिऱ्हाईक यांच्यात त्या दिवशी जो सौदा ठरला असता, तो बाजारभाव.

यावरून पुरावा कसला लागतो हे कळून येईल. आसपासच्या जमिनींची त्या सुमाराची खरी खरेदीखते हा उत्तम पुरावा. अधिसूचनेची कुणकुण लागल्यावर केलेली चढ्या भावाची खरेदीखते न्यायालय बाजूस सारते. गुंठा दोन गुंठ्यांच्या सौद्यातील दर दहा एकरांच्या शेतास जसाच्या तसा लागू होत नाही. मोठ्या क्षेत्रासाठी त्यातून वजावट करावी लागते. जमीन जिरायत की बागायत हे सातबारावरील पीकपाहणीवरून पाहिले जाते. विहीर खणली, पण पीकपाहणीत ज्वारी-बाजरीच लागलेली राहिली, तर न्यायालयापुढे ती जमीन जिरायतच ठरण्याचा धोका असतो. फळबागेची किंमत उत्पन्नावरून काढली असेल तर जमीन व झाडे यांची पुन्हा स्वतंत्र बेरीज करता येत नाही, हेही हरियाणा राज्य विरुद्ध गुरुचरणसिंग (1995) या निर्णयाने ठरलेले आहे.

काही गोष्टी मोजावयाच्याच नाहीत, असेही अधिनियमाच्या कलम 24 ने सांगितले होते. धरण झाल्यावर परिसरातील जमिनींचे भाव वाढतील, ही वाढ धरावयाची नाही. जमीन सोडण्यास मालकाचे मन होत नाही, हेही धरावयाचे नाही. वाडवडिलांची जमीन, नदीकाठचे देऊळ, स्मशानातील समाध्या यांना या हिशेबात स्थान नाही. सक्तीने घेतले याबद्दल जे काही द्यावयाचे ते 'दिलासा रक्कम' या एका सदराखाली, बाजारभावाच्या ठरावीक टक्क्यांत. मूळ अधिनियमात हा दर 15 टक्के होता.

5. तारखांचे महत्त्व

1984 च्या दुरुस्तीने दिलासा रकमेचा दर 30 टक्के केला. न्यायालयाने वाढविलेल्या रकमेवरील व्याज पहिल्या वर्षासाठी 9 टक्के व पुढे 15 टक्के ठरविले. शिवाय कलम 4 च्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी घडेल तोपर्यंत, बाजारभावावर दर साल 12 टक्के अशी एक जादा रक्कम नव्याने दिली. हे लाभ जुन्या प्रकरणांना कोठवर लागू, हा उजनीच्या काळातील खातेदारांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न होता, आणि तो पाच न्यायाधीशांच्या दोन पीठांनी सोडविला.

भारत सरकार विरुद्ध रघुबीरसिंग (1989) यात असे ठरले की अधिकाऱ्याचा निवाडा किंवा संदर्भ न्यायालयाचा निर्णय 30 एप्रिल 1982 व 24 सप्टेंबर 1984 यांच्या दरम्यान झाला असेल, तर त्यास व त्यावरील अपिलास 30 टक्क्यांचा दर मिळेल. त्यापूर्वीच न्यायनिर्णय झालेला असेल तर, अपील कितीही वर्षे पडून राहिले तरी, मिळणार नाही. के. एस. परिपूर्णन विरुद्ध केरळ राज्य (1994) यात ठरले की 12 टक्क्यांची जादा रक्कम, अधिकाऱ्याचा निवाडा 30 एप्रिल 1982 पूर्वीच झालेला असल्यास मिळत नाही.

केवळ स्पष्टीकरणासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शेताचा निवाडा 1978 साली 10,000 रुपयांचा झाला. त्यावर दिलासा रक्कम 1,500 रुपये मिळाली. संदर्भ न्यायालयाने किंमत 15,000 रुपये ठरविली. हा निर्णय 1981 साली झाला असता तर वाढीव किंमत 5,000 व तीवर 15 टक्क्यांनी 750, म्हणजे 5,750 रुपये अधिक मिळाले असते. तोच निर्णय 1985 साली झाला असेल तर एकूण दिलासा रक्कम 15,000 वर 30 टक्के, म्हणजे 4,500. तीतून मिळालेले 1,500 वजा जाता 3,000. एकूण वाढ 8,000 रुपये. तीवर व्याज पहिल्या वर्षी 720 व पुढे दर वर्षी 1,200. दोन्ही बाबतींत 12 टक्क्यांची जादा रक्कम नाहीच. न्यायालयाच्या कामकाजाच्या यादीत प्रकरण मागे पडले म्हणून एकाचा लाभ झाला आणि लवकर निकाल लागला म्हणून दुसऱ्याचा तोटा झाला, असा हा विपरीत प्रकार आहे. व्याज दिलासा रकमेवरही मिळते, हे सुंदर विरुद्ध भारत सरकार या 19 सप्टेंबर 2001 च्या निर्णयाने निश्चित झाले. परंतु मूळ हुकूमनाम्यात तसा उल्लेख नसल्यास ते त्या तारखेपासूनच मागता येते, अशी मर्यादा 2006 सालच्या गुरुप्रीतसिंग प्रकरणाने घातली.

6. विलंब : दोन दिशांचे निर्णय

चाळीस-पन्नास वर्षांनंतर आज दाद मागता येईल काय? या प्रश्नावर परस्परविरुद्ध वाटणारे निर्णय आहेत, आणि गावातील गैरसमजांचे मूळ येथेच आहे.

महाराष्ट्र राज्य विरुद्ध दिगंबर (1995) हे प्रकरण आपल्या आठवणीतल्या दुष्काळातले आहे. 1971-72 च्या टंचाईच्या कामांत आपली जमीन मोबदल्याशिवाय रस्त्यात गेली, अशी तक्रार घेऊन एक शेतकरी सुमारे वीस वर्षांनी उच्च न्यायालयात गेला. तेथे त्याच्या बाजूने निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अक्षम्य विलंबाच्या कारणावरून तो फिरविला.

याउलट विद्यादेवी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या जानेवारी 2020 च्या निर्णयात, एका निरक्षर विधवेची जमीन 1967-68 साली कोणतीही संपादनाची कार्यवाही न करता रस्त्यासाठी घेतली होती, तरी मोबदला देण्याचा आदेश झाला. ताबा घेतला तेव्हा मालमत्तेचा हक्क अनुच्छेद 31 खाली मूलभूत हक्क होता. 44 व्या घटनादुरुस्तीनंतर तो अनुच्छेद 300-अ खाली घटनात्मक हक्क राहिला. आणि कल्याणकारी राज्यास आपल्याच नागरिकाविरुद्ध प्रतिकूल कब्जाचा आधार घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. 2022 च्या सुखदत्त रात्रा प्रकरणात हीच भूमिका पुन्हा आली. मे 2024 मध्ये कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमलकुमार शाह या प्रकरणात न्यायालयाने अनुच्छेद 300-अ मध्ये नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, योग्य मोबदला, कार्यक्षम कार्यवाही आणि तिची समाप्ती असे सात पोटहक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले.

या दोन प्रवाहांतील भेद नीट पाहिला पाहिजे. हिमाचलच्या प्रकरणांत संपादनाची कार्यवाहीच झाली नव्हती. जेथे अधिसूचना, निवाडा व ताबा या पायऱ्या पार पडल्या आहेत, तेथे ते निर्णय उपयोगी पडणार नाहीत. तेथे लागू पडतो तो इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल हा 6 मार्च 2020 चा पाच न्यायाधीशांचा निर्णय. 2013 च्या नव्या अधिनियमाच्या कलम 24(2) ने, पाच वर्षांहून जुन्या निवाड्यात ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल तर कार्यवाही व्यपगत होईल, असे म्हटले होते. पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसरीमल सोलंकी या जानेवारी 2014 च्या निर्णयात, सरकारी खजिन्यात रक्कम ठेवणे म्हणजे मोबदला देणे नव्हे, असे ठरले, आणि जुन्या जमिनी परत मिळण्याची आशा अनेकांना वाटू लागली. इंदूरच्या निर्णयाने तो निर्णय मोडीत काढला. ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, अशी दोन्ही उणिवांची स्थिती असेल तरच कार्यवाही व्यपगत होते, आणि संपलेली प्रकरणे उकरण्यास या कलमाने नवे कारण मिळत नाही, असे त्याने स्पष्ट केले. धरणाचे पाणी ज्या जमिनीवर उभे आहे तिचा ताबा घेतला नाही, असे म्हणणे अर्थातच कठीण आहे.

7. आजची स्थिती

1 जानेवारी 2014 पासून 2013 चा अधिनियम लागू आहे. त्यात दिलासा रक्कम 100 टक्के आहे, ग्रामीण भागातील बाजारभावास गुणक लावण्याची तरतूद आहे, व पुनर्वसन हे संपादनाचेच अंग मानले आहे. मोबदल्याचा वाद आता दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र प्राधिकरणाकडे जातो. तथापि अर्जाच्या सहा आठवड्यांच्या व सहा महिन्यांच्या मुदती जवळजवळ जशाच्या तशा आहेत.

महामार्गासाठी गेलेल्या जमिनीची वाट निराळी आहे. पळसदेव महामार्गावर असल्याने ती सांगणे अवश्य आहे. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली वाद लवादाकडे जातो व लवादाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अर्ज होतो. 1997 च्या दुरुस्तीने महामार्गाच्या खातेदारांस दिलासा रक्कम व व्याज नाकारले गेले होते. भारत सरकार विरुद्ध तरसेमसिंग या 19 सप्टेंबर 2019 च्या निर्णयाने ते घटनाबाह्य ठरले. 1 जानेवारी 2015 पासून तर नव्या अधिनियमाचेच मोबदल्याचे नियम महामार्गासही लागू आहेत. लवादाचा निर्णय न्यायालयास रद्दच करता येतो, बदलता येत नाही, असे 2021 साली हकीम प्रकरणात ठरले होते. 30 एप्रिल 2025 च्या गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने मर्यादित बदलाचा अधिकार मान्य केला आहे.

8. समारोप

पळसदेवच्या खातेदारापुरता निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. ज्याचा निवाडा झाला, पैसे उचलले गेले व मुदतीत अर्ज झाला नाही, त्यास आज न्यायालयाचे दार बहुतांशी बंद आहे. तशी आशा दाखवणाऱ्याच्या नादी लागून खर्चात पडू नये. ज्याचा संदर्भ निकालात निघाला पण रक्कम पूर्ण आली नाही, त्याने हुकूमनाम्याची नक्कल काढून व्याजाचा हिशेब तपासून पाहावा. ज्याची जमीन कोणत्याही निवाड्यात नसताना पाण्याखाली गेली आहे, त्याच्या बाजूने अलीकडील निर्णय खरोखर आहेत. त्यासाठी निवाड्यातील गट क्रमांक, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि जुने सातबारा उतारे ताडून पाहिले पाहिजेत. आणि यापुढे ज्याची जमीन रस्त्यासाठी वा अन्य कामासाठी जाईल, त्याने पैसे उचलण्यापूर्वी हरकत लेखी नोंदवावी व मुदतीची तारीख घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावी.

न्यायालये जमिनीची किंमत वाढवू शकतात. वेळेत न मागितलेला हक्क परत देणे त्यांच्याही हाती क्वचितच असते. जलाशय आटला म्हणजे मंदिर वर येते, गाळपेरीस जमीनही उघडी पडते. परंतु सहा आठवड्यांची गेलेली मुदत कोणत्याही दुष्काळात वर येत नाही. उजनीच्या काठावरील एका पिढीने हे ज्ञान फार महाग किमतीस विकत घेतले. पुढील पिढीस ते वेळेवर मिळावे, हेच या विवेचनाचे प्रयोजन होय.